डाव्या अंगाचं सोयाबीन

आनंदराज सोनकांबळे शिरूर अनंतपाळच्या कॉलेजात लागले, तेव्हा संस्थेनं त्यांच्या हातात एक शिट्टी, दोन बॉल आणि खोलीची किल्ली दिली. एक बॉल पायानं खेळायचा, दुसरा हातानं, एवढीच माहिती सरांना होती. गडी भोकरकडचा, पट्टीचा कबड्डीवाला. पण जागा निघाली ती फुटबॉल-बास्केटबॉलची. मग नियमांचं पुस्तक आणलं आणि पोरांच्या एक पान पुढं राहून शिकवत गेले. अशी पंचवीस वर्षं निघाली. हाताखालची पोरं पोलिसात गेली, फौजेत गेली, एक तर तलाठी झाला. सर अजून चुन्याची रेघ स्वतःच मारतात.

फुटबॉलचं मैदान उताराचं, पण बास्केटबॉलचं कोर्ट सिमेंटचं, सपाट. त्यामुळं दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन निघालं की शेजारचे अण्णाराव तिथंच वाळत घालतात. उन्हाळ्यात मैदानाला त्यांच्याच बोअरचं पाणी येतं, मग सर नाही कसं म्हणणार? कोर्टाची एकच रिंग शाबूत, आणि तिच्या डाव्या अंगाला सोयाबीन. ज्या पोरीचा बॉल दाण्यात जाईल, तिनं झाडू घेऊन दाणे गोळा करायचे, हा सरांचाच कायदा.

यंदा संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "सर, पोरींची टीम पाच वर्षं झाली, पहिल्याच मॅचला हरून यायली. त्या कोर्टावर मोटारसायकलींचं शेड टाकावं म्हणतो."

सरांनी लगेच विचारलं, "आन् एक मॅच जिंकली तर?"

"जिंका तर खरं! शेड दुसरीकडं टाकू. शब्द हाय माझा."

पाच पोरी जमवतानाच सरांना घाम फुटला. चारच होत्या. मग फुटबॉलची गोलकीपर अंजू घेतली. तिला बॉल हातात आला की घट्ट धरून आडवं पडायची सवय, ती मोडता मोडता महिना गेला.

लातूरला मॅच सुरू झाली. समोरच्या पोरी हुशार. दहा मिनिटांत सगळ्या उजवीकडंच येऊन उभ्या राहिल्या. डावीकडं कुणी म्हणता कुणी नाही, तरी अंजू तिथपर्यंत जाऊन माघारी फिरे. आपले बारा, त्यांचे वीस झाल्यावर सरांनी टाइम आउट मागितला.

"अंजू, डावीकडं सगळं रान मोकळं हाय की गं! तिकडं का जाईनास?"

अंजूनं खाली बघितलं. कॅप्टन सुकन्या हळूच म्हणाली, "सर, तिकडं अण्णाकाकांचं सोयाबीन असतंय."

पाचही जणी एकमेकींकडं बघायला लागल्या. सरांनी कपाळावर हात मारला. महिनाभर रोज आपणच शिट्टी वाजवून हे अंगात भिनवलं!

"अगं, लातुरात कुठलं आलंय अण्णारावचं सोयाबीन? जावा, तुडवा!"

"आन् झाडायचं कुणी, सर?" अंजू म्हणाली.

"मी झाडतो, माझे आई! तू जा!"

पोरी हसतच कोर्टात गेल्या आणि डावीकडून अशा घुसल्या की समोरच्यांना काही कळेना. शेवटच्या मिनिटाला सुकन्यानं बॉल टाकला. तो रिंगवर दोनदा नाचला आणि आत पडला. एकतीस-तीस! सर बाकावर चढून ओरडले, खाली उतरताना पाय मुरगळला. दुसऱ्या मॅचला पोरींची चाळीस पॉइंटांनी धुलाई झाली, पण त्याचं कुणाला काय?

सोमवारी सर लंगडत ऑफिसात गेले. आप्पासाहेब म्हणाले, "शब्द दिला तर दिला. आता शेड कुठं टाकू, तुम्हीच सांगा."

सरांनी खिडकीतून बोट दाखवलं. लिंबाच्या गार सावलीत आप्पासाहेबांची पांढरी गाडी उभी होती.

आप्पासाहेबांनी गाडीकडं बघितलं, मग सरांकडं.

"लई शहाणे झालाव सर तुम्ही," ते म्हणाले आणि शिपायाला हाक मारली, "अरे, मापाचा टेप आण. आन् माझी गाडी काढ तिथून."