कामचलाऊ पडदा

दिग्रसचं आमचं घर बाबांनी 'कामचलाऊ' या एका शब्दावर मांडलं होतं. पाहुण्यांची नजर दिवाणाकडे गेली, की ते लगेच सांगायचे, "सध्या कामचलाऊ हाय, मंग चांगला घेऊ." तो दिवाण म्हणजे दोन जुन्या बाकांवर ठोकलेल्या फळ्या. मला त्या शब्दाची भयंकर चीड यायची. मैत्रिणींकडे सोफे होते, आणि आमच्याकडे सगळं 'मंग' येणार होतं.

स्वयंपाकघरात भिंतीतल्या कपाटाला तर दारंच नव्हती. सुतार मिळेपर्यंत म्हणून आईने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा शिवला आणि सुतळीत ओवून तिथे लावला. साखर काढायची, तर मनगटाने तो हलकेच डावीकडे सारायचा. माझं लग्न झालं, बाबा गेले, पडदा तिथंच होता.

यंदा मी हट्टाने घर दुरुस्त करून घेतलं. पैसा बेताचाच होता, पण रंग झाला, ओटा नवा झाला आणि त्या कपाटाला एकदाची दारं लागली. मोठ्या ऐटीत मी आईला म्हटलं, "आजचा चहा तूच कर."

आई कपाटापुढे गेली. तिचा हात उठला आणि बंद दारापुढे हवेतच डावीकडे सरकला. मग नवी मूठ चाचपत तिने मला विचारलं, "हे कामचलाऊच हाय ना वं बाई?"