खटक्याचा खांदा

नाटक कंपनीत पडदा ओढणाऱ्याला सगळे खटक्या म्हणत. उजवा खांदा निखळला की हा गडी विंगेतल्या लोखंडी शिडीला हात अडकवायचा, अंग मागे टाकायचा आणि खट्! खांदा जागेवर. पहिल्यांदा निखळला तेव्हा दुसरा अंक तोंडावर होता. खांदा बसवून त्याने वेळेवर पडदा वर नेला, तर अख्ख्या कंपनीने त्याला टाळ्या दिल्या. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या टाळ्या ऐकलेला माणूस तो, विरघळलाच.

मग तालमीत कंटाळा आला की कुणीतरी ओरडायचं, "खटक्या, होऊन जाऊ दे!" आणि हा मुद्दाम खांदा काढून दाखवायचा. कपडेपट सांभाळणारी त्याची बायको एकदा म्हणाली, "अहो, डॉक्टरला तरी दाखवा."

"इथे रोज फुकट दाखवतोय, ते पुरे नाही का?"

या खेळाच्या चौथ्या वर्षी शर्टाच्या बाहीत हात घालतानाच खांदा निसटला आणि शिडीलाही दाद देईना.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. "खांद्याच्या वाटीची पुढची कड पाव भाग झिजलीय. आतल्या गोळ्यालाही खळगा पडलाय. एक-दोनदा निखळल्यावरच आला असतात, तर कदाचित टाक्यांवर भागलं असतं. आता खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाचं पुढचं टोक कापून वाटीच्या कडेला स्क्रूने बसवावं लागेल."

"म्हणजे बदली नट उभा करायचा," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्याने हळूच विचारलं, "पडदा ओढता येईल ना?"

"खांदा सहसा निखळणार नाही. पण हात किती वर जाईल, ते आत्ता सांगत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो बायकोला म्हणाला, "तुझं ऐकायला हवं होतं गं."

ती त्याच्या उशीचा अभ्रा नीट करत राहिली. "मी एकदाच बोलले. नंतर मीही हसायला लागले होते."

हाड छान जुळलं. महिनोन् महिने तो भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. सातव्या महिन्यात, भर दुपारी, तालमीला गेला. दोरी धरली. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला. डाव्या हाताने ओढायला गेला, तर पडदा तिरपा होऊन अर्ध्यावर लटकला. मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

मॅनेजरमामा खाकरले. "तू नुसता उभा राहा रे. इशारा दे."

"इशारा द्यायला तुम्ही आहात, मामा. दोरीला माणूस हवा."

त्याने कंपनीच्या सुताराला हाक मारली, दोरी त्याच्या हातात दिली.

"हळू. मधल्या गाठीशी कप्पी अडकते, तिथे झटका देऊ नको. जरा सैल सोड, मग ओढ."

सुताराने ओढली. पडदा सरळ वर गेला.

"असंच," खटक्या म्हणाला, आणि दोरी धरलेल्या त्या हातांकडे बघत राहिला.