चौकशीचे पोहे

ज्यांना बँक दारातूनच परत पाठवते, त्यांना आमची फायनान्स कंपनी जुन्या गाड्यांसाठी कर्ज देते. हप्ते बुडण्याचा धोका जास्त, म्हणून व्याजही जबर. माझं काम घरी जाऊन चौकशी करण्याचं. माणूस कसा आहे हे दोन शेजाऱ्यांना विचारायचं आणि त्यांचे फोन नंबर आणायचे. नंबर नाहीत तर कर्ज नाही. नगरहून स्कूटरवर हिंडून माझी कंबर गेली आणि जीभ तेवढी तिखट झाली, असं माझ्या घरचे म्हणतात.

त्या दिवशी सुप्याजवळच्या एका वस्तीवर गेले होते. तिथल्या एका तरुणाला जुना पिकअप घ्यायचा होता. कारखान्यात हमाली करून त्याची पाठ कामातून गेली होती आणि डॉक्टरांनी ओझं उचलायला बंदी केली होती. गाडी मिळाली तर त्याच कारखान्याचा माल वाहता येणार होता, नाहीतर घरी बसायची वेळ. अडचण एकच. पूर्वी हप्त्यावर घेतलेल्या एका मोबाईलचे पैसे थकल्यामुळे त्याचा कर्जफेडीचा स्कोअर पार तळाला गेला होता.

तो कामावर होता. मी पिठाच्या गिरणीपाशी स्कूटर लावली आणि नेहमीसारखं, कंपनीचं नाव न काढता विचारलं, "पोरगा कसा आहे हो?"

गिरणीवाल्याने गिरणीच बंद केली. "लई गुनाचा! सुपारीचं खांडबी न्हाई तोंडात."

दळणाला आलेल्या बायका पुढे सरकल्या. कुणी त्याचं आईवरचं प्रेम सांगितलं, कुणी घरात नळ आहे म्हणून सांगितलं. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त त्याच्या घरासमोरच राहायचा. तो तर माझ्यासाठी खुर्ची घेऊन आला. "बाई, डोळं झाकून पोरगी द्या," म्हणाला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे खेड्यातल्या पोरांना मुली मिळेनाशा झाल्यात. अनोळखी बाई चौकशीला आली की ती मुलीची मावशीच असणार! मला हसू आवरेना. "अहो, मी फायनान्सची. पोरगी नाही, कर्ज द्यायचंय. दोघांचे नंबर द्या."

गिरणी पुन्हा सुरू झाली. बायकांना घरची कामं आठवली. "आमी आपलं शेजारी, आमाला काय ठावं," म्हणत दोस्त खुर्ची उचलून चालता झाला. ज्याला पोटची पोर द्या म्हणून सांगत होते, त्याच्यासाठी साधा फोन नंबर देईनात. माझं डोकंच फिरलं.

तशीच त्याच्या घरी गेले. मुलीकडची बाई आल्याची बातमी माझ्याआधीच पोचली होती. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि शेगडीवर पोहे होते. मी खरं काय ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. "असू द्या. केल्यात तर खाऊन जावा," म्हणाली.

मोबाईलचंही तिनेच सांगितलं. पोराने तो समोरच्या दोस्तासाठी स्वतःच्या नावावर घेतला होता. सुरुवातीचे हप्ते देऊन दोस्ताने हात वर केले.

"मग तुमचा मुलगा गप्प का बसला?"

"दोस्ताचं लगीन ठरत हुतं. बोभाटा झाला तर मोडंल म्हनला."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. कुणाची भानगड चव्हाट्यावर आणणं माझ्या नोकरीत बसत नाही. तरी मी तडक समोरच्या दारात जाऊन उभी राहिले. "ज्याच्या नावावर मोबाईल घेऊन हप्ते बुडवलेत, त्याच्यासाठी तुमचा नंबर निघत नाही होय?"

दोस्ताच्या मागे त्याची बायको उभी होती. तिने कमरेला खोचलेला मोबाईल काढून त्याच्यापुढे धरला. "साखरपुड्यात मला दिल्ता, त्यो ह्योच ना?"

त्याने मान खाली घातली.

"बाई, माजा नंबर लिवा," ती मला म्हणाली. तिचं ऐकून गिरणीवालाही अंगावरचं पीठ झटकत आला आणि आपला नंबर सांगून गेला.

त्या तरुणाला कर्ज मिळालं. व्याज मात्र जबरच लागलं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मंजुरीआधी ऑफिसातून दोस्ताच्या बायकोला फोन गेला, तेव्हा मी शेजारीच बसले होते. अर्जदाराला तुम्ही कशा ओळखता, असं आमच्या माणसाने विचारलं.

"माजं लगीन त्यांच्यामुळंच झालंय," ती म्हणाली.