फुप्फुसाचा डबा घरून येतो

बुलढाण्यात छातीचा दवाखाना चालवायचा म्हणजे दिवसभर खोकला ऐकायचा. पण दोन उबळींच्या मधे पेशंट जे बोलतात ना, ते ऐकण्यासारखं असतं! औषधांची नावं मी विसरतो, ही वाक्यं विसरत नाही.

*

वेटिंगमधे फुप्फुसाचं मोठं चित्र लावलंय. त्यात हृदयाकडून फुप्फुसात जाणारी रोहिणी, म्हणजे धमनी, निळी दाखवलीय. वडनेर भोलजीच्या एक विज्ञानाच्या बाई आत आल्या त्याच चिडून.

"डॉक्टर, रोहिणी लाल असते. पेंटरनं कलर उलटे मारले!"

"बाई, बाकीच्या लाल. ही एकटी अशुद्ध रक्त साफ करायला नेते, म्हणून निळी."

बाई विचारात पडल्या. "मंग ते चित्र भिंतीवरून काढाच तुम्ही. माह्या वर्गातले पोरं इथं येतात!"

*

सुलतानपूरचे एक हॉटेलवाले, दम्याचे पेशंट. त्यांना सांगत होतो, "अख्ख्या अंगाचं रक्त फुप्फुसात साफ होतं. पण श्वासनळ्यांना स्वतःला लागणारं रक्त वेगळ्या बारीक धमन्यांतून येतं."

"हाव, समजलं! हॉटेल साऱ्या गावाचं, पण आचाऱ्याचा डबा घरून येते!"

आता मी सगळ्यांना असंच सांगतो.

*

बांगड्यांचे व्यापारी रफिकभाई पायाला प्लास्टर घालून घरी पडून होते. एक दिवस अचानक दम लागला. पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गाठ हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली होती. अगदी जिवावर बेतलं होतं. वाचले. ऑक्सिजनचा मास्क काढल्यावरचं पहिलं वाक्य:

"क्या डॉक्टरसाब! मले संडासपर्यंत जाऊ देलं नाई, अन् गाठ छातीपर्यंत हिंडून आली!"

*

देऊळघाटचे नामदेवराव खोकल्यातून वाटीभर रक्त टाकत आले. जुन्या टीबीच्या जागी श्वासनळीची धमनी फुगून फुटली होती. बायको कमलाबाई पदरानं त्यांचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत होत्या. नामदेवरावांची बडबड मात्र चालूच!

"गप राहा हो थोडं," मी म्हणालो.

"मी गप झालो तं हे घाबरते ना!" त्यांनी कमलाबाईंकडे बोट दाखवलं.

ताबडतोब मोठ्या शहरात, माझ्या मित्राच्या कॅथलॅबमधे हलवलं; मीही सोबत गेलो. मांडीतून बारीक नळी वर सरकवत नेऊन ती धमनी बुजवायची होती.

"रक्त छातीत, अन् तुम्ही मांडीतून काऊन जाऊन राह्यले?" टेबलावरही प्रश्न!

रक्त थांबलं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी मी भेटायला गेलो, तर नामदेवराव अख्ख्या वॉर्डाला ऑपरेशन समजावून सांगत होते. बोलणं संपेचना. कमलाबाईंनी भरल्या डोळ्यांनी मला हात जोडले. मग जवळ येऊन हळूच म्हणाल्या,

"डॉक्टर, ते नळी अजून टीचभर वर नेता आली नसती काय?"