शनिवारच्या कोड्यांच्या बाई

शनिवारी बाईंच्या पर्समध्ये अंडं असे, नाहीतर लोहचुंबक, नाहीतर सुतळीचा गुंडा. रुमाल मात्र कधी नसे. हात पदरालाच पुसत. फोंडाघाट उतरून आमच्या खाडीकाठच्या वाडीत आलेल्या या बाईंना मुलं ‘कोड्यांच्या बाई’ म्हणत. शाळा चौथीपर्यंत. मी शाळा समितीचा अध्यक्ष आणि मुलगी तिसरीत, त्यामुळे कोडी आमच्या घरापर्यंत येत.

त्यांचा नियम एकच. ‘मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.’ अंडं विहिरीच्या पाण्यात बुडतं, मग किती चमचे मीठ घातलं की वर येईल? मुलीने घरी पुन्हा करून पाहिलं, तर उत्तर दर वेळी वेगळं. बायको वैतागली. ‘तुमच्या बाईंका सांगा, पुढच्या खेपेक मीठ पण धाडा.’ मी निरोप दिला. बाईंनी विचारलं, ‘पातेलं तेच होतं का?’

एकदा त्याच फसल्या. भरतीचं पाणी सकाळी दहाला कुठवर येतं, याची खूण त्यांनी खाडीत काठी रोवून करून घेतली. पुढच्या शनिवारी दहाला सगळ्यांना घेऊन गेल्या, तर काठीभोवती नुसता चिखल. पोरं हसून लोळायची बाकी. ‘ओ बाई, पाणी काय घड्याळ बघून येता?’ घाटावरच्या बाईंना भरती रोज पुढे सरकते हे ठाऊक नव्हतं. त्याही हसल्या. ‘मीच चुकले की रे! मग रोज किती उशीर होतो, तेच शोधा आता.’ पाऊण तासाहून थोडा जास्त, असं उत्तर आठवड्याने आलं.

पुढच्या जूनमध्ये पहिलीत एकही मूल आलं नाही. वाडीतली तरुण जोडपी गोव्यात, नाहीतर मुंबईत. शाळा टिकायला पटावर आणखी एक नाव हवं होतं. समितीच्या बैठकीत शेजारचे दाजी म्हणाले, ‘माझो नातू मुंबयत आसा. त्याचा नाव घाला. कोण बघूक येतलो?’

असं करतात. नवीन काही नव्हतं. सगळे बाईंकडे बघत राहिले.

‘दाजी, तो रोज इथं येऊन बसणार का?’

‘ता कसा जमतला? मे महिन्यात येता.’

‘मग हजेरी कशी मांडू मी? पोरांना एक सांगायचं आणि...’

‘शाळा जातली ओ बाई.’

‘जाईल,’ बाई म्हणाल्या.

होता तो पट मी ठरावात लिहिला आणि सही केली. पाऊस सरताना शाळा बंद करण्याचा आदेश आला. बाईंना दोडामार्गकडची शाळा मिळाली. त्या निघाल्या तेव्हा मुलं रिक्षाने नव्या शाळेत गेलेली, म्हणून थांब्यावर मी एकटाच. एसटी वेळेवर आली.

संध्याकाळी मुलगी परतली. शाळा कशी आहे, विचारलं.

‘बरी आसा. पंखे आसत, बाक आसत.’ बूट काढता काढता म्हणाली, ‘पण बाबा, थंय आमका कोण काय इचारणा नाय.’

मी म्हटलं, हात-पाय धुऊन घे.