मुलींच्या सामन्याचे घड्याळ

गेल्या जानेवारीत, एका सोमवारी दुपारी, गोंदियात आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेच्या समितीपुढे मुलींचा गट बंद करण्याचा प्रस्ताव आला. कारण एकच दिले होते: मुलींच्या सामन्यांतले गुण घटले आहेत. पुरावा म्हणून बैठकीत जे कात्रण फिरले, ती बातमी माझी होती.

स्पर्धेच्या जुन्या गुणपत्रिकांची फाइल हाती आली, तेव्हा मी अंतिम सामन्यांचे गुण एकाखाली एक मांडले होते. मातीच्या मैदानावर विजेते तिशीत अडकत. सिमेंटचे मैदान झाले, चेंडू नीट उसळू लागला आणि गुण पन्नाशीकडे गेले. मग मुले तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकू लागली आणि सत्तरीपार गेली. मुलीही चढत होत्या. पुढे एका वर्षी त्यांचा आकडा निम्म्यावर आला आणि तिथेच राहिला. मी लिहिले, मुलींच्या खेळाला उतरती कळा. मथळाही मीच दिला.

मंगळवारी मुलींच्या संघाची कर्णधार कार्यालयात आली. लांबच्या केशोरी गावची. पुढचे वर्ष तिचे कॉलेजातले शेवटचे. विद्यापीठाच्या संघाची निवड याच स्पर्धेतून होते. गट गेला की तिची संधी गेली.

"भाऊ, तुमी आमची मॅच पाह्यली का कधी?"

"पाहिली आहे."

"किती मिनिटाची?"

मी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"पोट्ट्यायची चाळीस मिनिटाची. शिटी वाजली का घड्याळ थांबते. आमची वीस, अन् घड्याळ थांबतच नाई. चेंडू नालीत गेला तरी चालून रायते. त्यायच्याएवढे गुण कुठून आणू, घरून?"

हे मला माहीत होते. कॉलेजात असताना याच स्पर्धेत, मैदानाकडेच्या गुणलेखकांच्या टेबलावर, वेळेची नोंद मी ठेवत असे. एका वर्षी प्रमुख पाहुणे उशिरा आले. मुलांचा अंतिम सामना उजेडात संपवायचा होता, म्हणून मुलींचा निम्मा करण्यात आला. घड्याळ थांबवू नको, आजच्यापुरतं, असे मला सांगण्यात आले. मी थांबवले नाही. पुढच्या वर्षी पाहुणे वेळेवर आले. घड्याळ तरीही थांबले नाही. नियमावलीत हे कुठेही लिहिलेले नाही. गुणपत्रिकेवर सामना सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ मात्र असते, गुणांच्या शेजारच्याच चौकटीत. मी गुण उतरवून घेतले होते आणि चौकट सोडून दिली होती.

त्या दिवशी ती वाचली. आकडा निम्म्यावर आला ते वर्ष आणि मी घड्याळ चालू ठेवले ते वर्ष एकच होते. मिनिटाला किती गुण असा हिशेब केला, तर मुली कुठेही घटल्या नव्हत्या.

फाइल घेऊन आम्ही दोघे समितीच्या सचिवांकडे गेलो.

"पेपरात तुमीच छापलं ना?" ते म्हणाले. "मंग आता काऊन बोंबलून रायले?"

मी गुणांची आणि वेळेची अशा दोन्ही चौकटी दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"पोरीयले बस पकडा लागते. त्यायच्याच सोयीचं केलं, भाऊ. आमाले का शौक आहे?"

"केशोरीची बस साडेपाचले आहे, सर," ती म्हणाली. "आमची मॅच अकरा वाजता रायते."

सचिवांनी चहा मागवला. तिने घेतला नाही. मी घेतला.

खुलासा सातव्या पानावर छापून आला, पाच ओळींचा. त्याच दिवशी समितीने प्रस्ताव मंजूर केला. इतिवृत्तात आधार म्हणून माझ्या पहिल्या बातमीचा उल्लेख आहे. खुलाशाचा नाही.

यंदाच्या स्पर्धेचे परिपत्रक निघाले आहे. गट: पुरुष. सामन्याचा कालावधी: चाळीस मिनिटे.