परत ओतलेलं पाणी

तत्त्वासाठी तुम्ही कधी कुणाचा चहा नाकारलाय का? मी नाकारलाय.

कुमाऊँच्या डोंगरांच्या पायथ्याच्या गावांतून एका दिवसाची पायपीट होती. बरोबर फक्त वाटाड्या. वाटेतल्या बहुतेक घरांना कुलपं होती. तिसऱ्या गावात एका निळ्या दाराच्या घरातून धूर दिसला. मला बघताच तिथल्या म्हातारीनं चुलीवरच्या पातेल्यात आणखी एक पेला पाणी घातलं.

वडिलांची कामगार-हक्कांची पत्रकं चौकाचौकात वाटत मी वाढले. कष्टकऱ्याचं फुकट खायचं नाही, हे त्या पत्रकांनीच शिकवलं. मी ताठ उभी राहून तिला तसं हिंदीत सांगितलं. पातेल्यातलं एक पेला पाणी तिनं परत घागरीत ओतलं.

खाली उतरताना वाटाड्या म्हणाला, "पोरं दिल्लीला गेलीत तिची. कुणी दिसलं की दोघांचा चहा ठेवते. लोक फोटो काढून पुढे जातात. तुम्ही निदान भाषण तरी दिलंत."



कोल्हापुरात दारात आलेल्या पावण्याला आई चहाशिवाय हलू देत नाही. घरी आल्यावर तिला हे सांगितलं, तर ती भाकरी थापायची थांबली.

"एकटीलाच प्यायला लावलंस की गं तिला!"

मी उठून दोघींचा चहा ठेवला.

त्या वाटेनं गेलात, तर निळ्या दाराशी थांबा. पाणी चुलीवर असेल, तर बसा आणि चहा घ्या.